मंगळवार कसा जाईल? स्थलांतराच्या उंबरठ्यावरील एका कुटुंबाचे प्रकरण

हे कुटुंब समुपदेशनासाठी माझ्याकडे आले तेव्हा निर्णय कळवायला त्यांच्या हाती जेमतेम तीन आठवडे उरले होते. नवरा ४१ वर्षांचा, एका कारखान्याच्या उत्पादन विभागात काम करणारा. दुसऱ्या शहरातील एका कंपनीने त्याला वरचे पद आणि बराच जास्त पगार देऊ केला होता. बायको ३८ वर्षांची, एका लहान संस्थेचे हिशेब दहा वर्षे एकहाती सांभाळणारी. मुलगी १४ वर्षांची, मुलगा ८ वर्षांचा, आणि नवऱ्याची आई ६८ वर्षांची. कुटुंबाची ओळख पटेल असे तपशील मी वगळले आहेत. शहरांची नावेही देत नाही, कारण दोन शहरांपैकी कोणते चांगले हा या प्रकरणाचा विषय नाही.

पहिल्या भेटीत नवऱ्याने एक तक्ता पुढे ठेवला. पगार, घराचे क्षेत्रफळ, हवामान, शाळा, रस्ते, मोकळी जागा अशा रकान्यांमध्ये दोन्ही शहरांना गुण दिलेले होते आणि बेरजेत नवे शहर बरेच पुढे होते. बायकोचा तक्त्यावर आक्षेप नव्हता. ती म्हणाली, "ताई, आम्ही चार दिवस तिकडे राहून आलो. इतकं मोकळं वाटलं की परत यावंसंच वाटेना. फक्त एकच सांगा, हे टिकेल का?"

तिचा प्रश्न तक्त्यापेक्षा प्रामाणिक होता. त्याला थेट उत्तर देण्याऐवजी मी दोघांना वेगवेगळे बसवले आणि नव्या शहरात गेल्यानंतर दोन वर्षांनी येणारा एक साधा मंगळवार, सकाळी उठल्यापासून रात्री दिवा मालवेपर्यंत, लिहून काढायला सांगितले. दोघांच्याही कागदांवर जो दिवस उतरला तो प्रत्यक्षात रविवार होता. संध्याकाळची सैर होती, स्वच्छ हवा होती, मुले मैदानात खेळत होती. पण डबे कोण भरते, मुलाला शाळेत कोण सोडते, कामावर जायला किती वेळ लागतो, आजी दुपारभर काय करतात, यांपैकी काहीच नव्हते. बायकोच्या कागदावर तर सकाळी दहा ते संध्याकाळी सहा हा काळच कोरा होता, कारण त्या वेळेत आपण तिथे काय करत असू हे तिला ठाऊक नव्हते.

ही चूक त्यांची एकट्याची नव्हे. डेव्हिड श्काडे आणि डॅनियल कानेमान यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातील आणि दक्षिण कॅलिफोर्नियातील विद्यार्थ्यांना आपल्या आयुष्याबद्दलचे समाधान विचारले होते. दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांचे समाधान जवळजवळ सारखे निघाले. मात्र आपल्यासारखाच एखादा माणूस कुठे अधिक समाधानी असेल असे विचारल्यावर दोन्ही गटांनी कॅलिफोर्नियाकडे बोट दाखवले, आणि त्या समजामागे हवामानाचा वाटा मोठा होता. दोन ठिकाणांची तुलना करताना डोळ्यांत भरतो तो फरक. तिथे राहणाऱ्या माणसाचे लक्ष मात्र दिवसभर कामावर, माणसांवर आणि स्वतःच्या शरीरावर असते. हवा चांगली असते, पण ती चांगली आहे ही गोष्ट त्याच्या मनात क्वचितच येते. मी हा अभ्यास सांगितला तेव्हा नवरा थोडा वेळ गप्प राहिला आणि मग त्याने तक्त्यातील हवामानाच्या रकान्यावर काट मारली. मी त्याला ती काट खोडायला लावली, कारण हवामानाला किंमत नाही असा त्या अभ्यासाचा अर्थ होत नाही. त्याचे वजन किती धरायचे, एवढाच प्रश्न आहे.

दुसऱ्या भेटीत आम्ही जायचे कुठे हे बाजूला ठेवून निघायचे कशापासून याबद्दल बोललो. ब्रिटनमधील कुटुंबांच्या दीर्घकालीन पाहणीच्या आधारे बेआटा नोवोक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये असे दाखवले की देशांतर्गत स्थलांतर करणाऱ्यांचे समाधान जाण्याआधीच्या काळात बरेच घसरलेले असते आणि स्थलांतरानंतर ते चढून साधारण आपल्या मूळ पातळीवर येते. हे मला फार महत्त्वाचे वाटते. घसरणीच्या तळाशी उभा असलेला माणूस नव्या गावाकडे पाहतो, तिथे गेल्यावर त्याला बरे वाटते आणि तो चढ त्याला शहराची देणगी वाटतो. पण त्यातला बराचसा भाग म्हणजे जे गमावले होते ते परत मिळणे असते. म्हणून घसरण कशामुळे झाली हे आधी कळायला हवे. कारण घराच्या पत्त्याशी जोडलेले असेल तर पत्ता बदलून फरक पडेल. ते घरातल्या माणसांच्या वागण्यात असेल तर सामानासोबत तेही नव्या घरी पोचेल.

या घरात दोन्ही प्रकारची कारणे होती. नवऱ्याला कारखान्यात जायला सव्वा तास आणि यायला त्याहून जास्त वेळ लागे. घरी पोचल्यावर पहिला अर्धा तास त्याच्याशी कुणी बोलू नये, असा अलिखित नियमच होऊन बसला होता. हे कारण पत्त्याशी जोडलेले होते. बायकोचा थकवा मात्र वेगळा होता. नोकरी, घरकाम, मुलांचा अभ्यास आणि सासूबाईंची औषधे हे सगळे तिच्याकडे होते, आणि त्यातला कोणता भाग नवरा उचलणार याबद्दल दोघांत कधी स्पष्ट बोलणेच झालेले नव्हते. "तिकडे गेल्यावर मला वेळ मिळेल, मग मी करीन," असे तो म्हणाला. मी त्याला विचारले की येत्या सोमवारपासून, याच घरात, कोणती दोन कामे तुम्ही घेऊ शकता? त्याने आईची औषधे आणि मुलाला शाळेत सोडणे ही कामे घेतली. स्थलांतराचा विचार करणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला हा प्रयोग मी आग्रहाने करायला सांगते, कारण जी गोष्ट इथेच बदलता येते तिच्यासाठी शहर बदलण्याची गरज नसते आणि जी इथे बदलत नाही ती तिथे बदलेल याला आधार लागतो.

प्रवासाच्या वेळेबाबत मी नेहमीपेक्षा जास्त ठाम भूमिका घेतली. कंपनीच्या मदतीने त्यांना नव्या शहरात दोन घरे पाहता आली होती. एक शहराच्या कडेला, प्रशस्त, स्वतंत्र खोल्यांचे, पण कामापासून पन्नास मिनिटांवर. दुसरे बरेच लहान, एक खोली कमी, पण कामाला आणि शाळेला पायी जाता येईल असे. सगळ्यांची ओढ अर्थातच पहिल्याकडे होती. अलोइस स्टुट्झर आणि ब्रुनो फ्राय यांनी जर्मनीतील दीर्घकालीन पाहणीवरून २००८ मध्ये मांडलेला निष्कर्ष येथे थेट लागू पडतो. लांबचा प्रवास पत्करणाऱ्याला त्याचा मोबदला जास्त पगाराच्या किंवा चांगल्या घराच्या रूपाने मिळत असणार असे अर्थशास्त्र गृहीत धरते. प्रत्यक्षात ज्यांचा रोजचा प्रवास लांबचा होता त्यांचे समाधान सातत्याने कमी आढळले, म्हणजेच मोबदला पुरा पडत नव्हता. कानेमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये टेक्सासमधील ९०९ नोकरदार स्त्रियांना आदल्या दिवसाचा अनुभव प्रसंगाप्रसंगाने लिहायला सांगितला, तेव्हा सकाळचा कामावर जाण्याचा प्रवास सर्वांत नावडत्या वेळांमध्ये मोडला. मोठ्या खोलीची सवय होते आणि काही महिन्यांत ती फक्त खोली उरते. गर्दीत अडकण्याची सवय तशी होत नाही, कारण ती रोज नव्या तऱ्हेने त्रास देते.

यानंतर प्रश्न आला बायकोच्या नोकरीचा, आणि येथे मला दोघांच्याही मनात एक पोकळी दिसली. कुटुंबाचे उत्पन्न एकत्र मोजले तर तिची नोकरी सुटूनही फायदाच होत होता, म्हणून हा प्रश्न सुटला असे दोघे धरून चालले होते. जेकब मिन्सर यांनी १९७८ मध्येच कुटुंबाच्या स्थलांतराचे हे गणित मांडले होते: एकत्रित लाभ झाला तरी घरातल्या एकाचा स्वतंत्र हिशेब तोट्यात जाऊ शकतो आणि तो माणूस जोडीदाराशी बांधलेला असल्यामुळेच निघतो. पगाराच्या पलीकडचा तोटा आणखी गंभीर असतो. रिचर्ड ल्युकस, अँड्र्यू क्लार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जर्मनीतील पंधरा वर्षांच्या माहितीवरून २००४ मध्ये दाखवले की नोकरी गमावलेल्या माणसांचे समाधान, पुन्हा काम मिळाल्यानंतरही, सरासरीने आपल्या पूर्वीच्या पातळीवर पूर्णपणे परतत नाही. स्वतःहून नोकरी सोडणे आणि ती गमावणे यांत फरक आहे, हे मी तिला सांगितले. पण जोडीदाराच्या बदलीमुळे सोडलेली नोकरी या दोहोंपैकी कशात मोडते, याचे उत्तर फक्त तीच देऊ शकत होती. तिने पुढच्या भेटीत ते दिले: "मी सोडली असं सगळे म्हणतील, पण मला ती गेल्यासारखीच वाटेल."

मुलांच्या बाबतीत पालकांना सरसकट एकच उत्तर हवे असते आणि ते मिळत नाही. अमेरिकेत १९९४ मध्ये सुरू झालेल्या एका मोठ्या प्रयोगात पाच शहरांतील सुमारे ४६०० गरीब कुटुंबांपैकी काहींना सोडत काढून कमी गरिबीच्या वस्तीत राहायला जाण्यासाठी मदत देण्यात आली. राज चेट्टी, नॅथनियल हेन्ड्रेन आणि लॉरेन्स कॅट्झ यांनी २०१६ मध्ये त्या मुलांचा पुढचा प्रवास मांडला. जी मुले १३ वर्षांची होण्याआधी नव्या वस्तीत गेली त्यांचे विशीच्या मध्यावरचे उत्पन्न सुमारे ३१ टक्क्यांनी जास्त होते. मोठ्या वयात गेलेल्यांना लाभ झाला नाही, उलट थोडा तोटाच दिसला. याच प्रयोगातील प्रौढांचे उत्पन्न फारसे वाढले नाही, तरी दहा ते पंधरा वर्षांनंतरही त्यांचे समाधान वाढलेले आढळले. म्हणजे जागा बदलून टिकाऊ सुख मिळतच नाही, असे म्हणणे चुकीचे ठरेल. भीतीच्या वस्तीतून सुरक्षित वस्तीत गेलेल्या माणसाचा प्रत्येक दिवस बदलतो. आमच्या कुटुंबाची स्थिती तशी नव्हती. ते एका सुरक्षित घरातून दुसऱ्या सुरक्षित घरात जाणार होते, त्यामुळे ते आकडे त्यांना जसेच्या तसे लावणे मला पटले नाही. वयाचा मुद्दा मात्र मी लक्षात ठेवला.

त्याला जोडून स्वभावाचा मुद्दा येतो. शिगेहिरो ओइशी आणि उलरिख शिमॅक यांनी २०१० मध्ये ७१०८ अमेरिकी प्रौढांच्या माहितीवरून दाखवले की लहानपणी वारंवार घर बदललेल्यांचे मोठेपणीचे समाधान कमी असते, पण हा संबंध अंतर्मुख व्यक्तींमध्ये दिसतो, बहिर्मुख व्यक्तींमध्ये नाही. मुलगा पहिल्या भेटीतच माझ्या टेबलावरच्या सगळ्या वस्तूंची चौकशी करून मोकळा झाला होता. मुलगी संपूर्ण तासात चार वाक्ये बोलली. तिला एकच जिवाभावाची मैत्रीण होती आणि ती दुसरीपासूनची होती. ही तिची पहिलीच बदली असल्याने वारंवार घर बदलण्याचा निष्कर्ष तिला लागू नव्हता. तरीही जिच्याकडे एकच धागा आहे तिच्या हातून तो सुटणे आणि जिच्याकडे वीस आहेत तिच्या हातून सुटणे, यांत फरक करायलाच हवा.

आता माझ्या चुकीबद्दल. दोन भेटी होऊन गेल्या तरी मी आजींशी एकटीने बोलले नव्हते. त्या प्रत्येक वेळी सोबत येत, कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसत, आणि "मुलांचं भलं होतंय ना, मग झालं" असे म्हणत. मी ते वाक्य संमती म्हणून टिपून ठेवले होते. तिसऱ्या भेटीत बाकीच्यांना बाहेर बसवून मी त्यांना त्यांचा मंगळवार विचारला. त्यांनी तो मिनिटामिनिटाने सांगितला. सकाळी खालच्या मजल्यावरच्या बाईंसोबत फेरी, अकराला वाचनालयातले वर्तमानपत्र, दुपारी तीनला तीन मैत्रिणींची बैठक, जी गेली एकवीस वर्षे चालू होती आणि जिच्यातली चौथी जागा दोन वर्षांपूर्वी रिकामी झाली होती. "बाई, मी तिकडे गेले तर इथे दोघीच उरतील," त्या म्हणाल्या. स्वतःच्या एकटेपणाबद्दल त्या बोलतच नव्हत्या.

जेफ्री हॉल यांच्या २०१८ मधील अभ्यासाचा अंदाज असा आहे की ओळखीच्या माणसाशी साधी मैत्री जुळायला सुमारे ५० तास सोबत घालवावे लागतात, पक्की मैत्री व्हायला ९० च्या आसपास आणि जवळची मैत्री व्हायला २०० हून अधिक. तो अभ्यास नव्या शहरात गेलेल्या प्रौढांचा आणि नव्याने महाविद्यालयात आलेल्या विद्यार्थ्यांचा होता, ६८ वर्षांच्या स्त्रियांचा नव्हे. तरी हिशेब करून पाहिला. आठवड्यातून दोनदा, दोन दोन तास भेट झाली तर २०० तास भरायला जवळजवळ एक वर्ष लागते, आणि त्यासाठी आधी ते माणूस भेटावे लागते. नवऱ्याला कार्यालयात आणि मुलाला वर्गात हे तास आपोआप मिळणार होते. आजींना आणि नोकरी न मिळाल्यास बायकोला ते कुठून मिळणार, याची सोय तक्त्यात कुठेच नव्हती. नवऱ्याने हे ऐकले तेव्हा त्याचे डोळे भरून आले. आईने कधीच काही मागितले नाही, असे तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला.

इथवर वाचून मी स्थलांतराच्या विरोधात होते असे वाटेल, तसे नव्हते. स्टीव्हन लेव्हिट यांनी वीस हजारांहून अधिक लोकांच्या अडलेल्या निर्णयांवर आभासी नाणेफेक करवली आणि नंतर त्यांची चौकशी केली. मोठ्या प्रश्नांत ज्यांनी बदल केला ते सहा महिन्यांनंतर, बदल न केलेल्यांपेक्षा अधिक समाधानी आढळले. लोक स्वतःहून तिथे आले होते आणि उत्तरेही त्यांनी स्वतःच दिली होती, या मर्यादा धरूनही त्यातला इशारा मी गांभीर्याने घेते: काठावर उभा असलेला माणूस बहुधा गरजेपेक्षा जास्त सावध असतो. नवऱ्याच्या सध्याच्या कामात वाढीला जागा उरली नव्हती आणि ती खंत त्याला आतून पोखरत होती. तीही घसरणीच्या खऱ्या कारणांपैकी एक होती.

त्यांनी कंपनीकडे आणखी पंधरा दिवस मागितले आणि ते मिळाले. त्यातले आठ दिवस नवरा-बायको नव्या शहरात एका साध्या खोलीत राहिले, पण या वेळी पाहुण्यांसारखे नव्हे. कामाच्या दिवशी, कामाच्या वेळी ते त्या वाटेने जाऊन आले; तिने तीन ठिकाणी नोकरीसाठी भेटी घेतल्या; शाळा सुटण्याच्या वेळी फाटकापाशी उभे राहून दोघांनी इतर पालकांशी बोलून पाहिले. प्रशस्त घराकडून येताना एकदा तासाभराहून जास्त वेळ गेला आणि ते घर त्याच संध्याकाळी यादीतून निघाले. तिथे पाऊस पडत होता, ती एका जागी नाकारली गेली होती, आणि तरीही परत आल्यावर ती म्हणाली की आता तिला जायला भीती वाटत नाही. चार दिवसांच्या सैरीतला मोकळेपणा यात नव्हता, पण हे मत माझ्या दृष्टीने अधिक भरवशाचे होते.

शेवटी ठरले ते असे. नवरा आधी एकटा जाईल. मुलीचे शाळेचे वर्ष संपेपर्यंत, म्हणजे साधारण चार महिने, बाकीचे इथेच राहतील. घर लहान आणि जवळचे घेतले जाईल. तिला काम मिळेपर्यंत महिन्याची ठरावीक रक्कम तिच्या स्वतःच्या खात्यात जाईल आणि तिला कशाचाही हिशेब द्यावा लागणार नाही. ही अट तिने मांडली आणि तो लगेच कबूल झाला. जुने घर विकायचे नाही, भाड्याने द्यायचे. आजी सोबत जातील, मात्र दर तीन महिन्यांनी तीन आठवडे जुन्या शहरात एका मैत्रिणीकडे राहतील. याशिवाय प्रत्येकाने रोज रात्री दिवसाला दहापैकी गुण देऊन वहीत लिहायचे, आणि एकमेकांची वही पाहायची नाही.

पुढची दीड वर्षे मी अधूनमधून त्यांच्या संपर्कात राहिले. पहिले दोन महिने सगळ्यांचे गुण चढलेले होते. पाचव्या महिन्यात बायकोची घसरण झाली, बरीच खोल, आणि सातव्या महिन्यात अर्धवेळ काम मिळाल्यावर ती हळूहळू सावरली. जुन्या कार्यालयात तिला जो मान होता तो अजून मिळालेला नाही, असे ती स्पष्ट सांगते. नवऱ्याचे गुण आता पूर्वीसारखेच आहेत, पण संध्याकाळ पूर्वीसारखी नाही. तो साडेसहाला घरी असतो आणि आल्यावर बोलतो. मुलगा पहिल्या आठवड्यात रमला आणि त्याच्याबद्दल लिहिण्यासारखे दुसरे काही नाही. मुलीचे पहिले वर्ष कठीण गेले. मैत्रिणीशी फोनवरचे बोलणे आधी वाढले, मग कमी झाले, आणि त्या कमी होण्याचेच तिला सर्वांत जास्त दुःख झाले. तिला हल्ली एक मुलगी घरी बोलावते, एवढे तिने मला स्वतःहून सांगितले.

मी बायकोला तिचाच पहिला प्रश्न परत विचारला, तो मोकळेपणा टिकला का? ती म्हणाली, "शहराचं म्हणाल तर ते आता दिसतही नाही, ताई. पण हे जेवायला वेळेवर असतात, ते मला अजून रोज दिसतं."

जुन्या घरातील भाडेकरूची मुदत पुढच्या महिन्यात संपते आहे आणि ते विकावे की ठेवावे यासाठी ते पुन्हा भेटायला येणार आहेत. या वेळी तक्ता मुलीने केला आहे. त्यात रकाने माणसांचे आहेत, पहिला रकाना आजींचा आहे, आणि तो भरण्यासाठी वही आजींकडे दिली आहे.